दुर्बीण घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सरला, आकाश धुऊन निघालं की दुर्बिणींबद्दलची पत्रं वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतले बहुतेकांना उपयोगी पडतील असे प्रश्न इथे निवडले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा दिला आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: दुर्बिणीवरचा पैसा पहिल्यांदा आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासावर आणि मग भक्कम स्टँडवर जायला हवा. बाकी वस्तूंचा विचार त्यानंतर.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, आकाशाचं वेड आहे. ‘५२५ पट मोठं दाखवणारी’ दुर्बीण ऑनलाइन स्वस्तात मिळते आहे. सोबत तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), बार्लो भिंग (वर्धन वाढवणारं जादा भिंग), मून फिल्टर, सन फिल्टर, स्टँड, सगळं आहे. घ्यावी का? (नाशिक)

घेऊ नका. त्या ५२५ आकड्याचं गणित एकदा करून बघा. अशा दुर्बिणीच्या नळीवर बहुधा ७६/७०० असं छापलेलं असतं. म्हणजे आरशाचा व्यास ७६ मिमी आणि नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथवरचं अंतर) ७०० मिमी. नाभीय अंतराला आयपीसच्या मिलिमीटरने भागलं की वर्धन मिळतं. सोबतच्या ४ मिमी आयपीसने ७०० ÷ ४ = १७५ पट, त्यात ३ पट बार्लो घातला की ५२५. आकडेमोड बरोबर आहे, पण त्या वर्धनाला काहीच नीट दिसत नाही.

कुठल्याही दुर्बिणीचं उपयोगी पडणारं कमाल वर्धन व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट असतं. ७६ मिमीला ते १५० च्या आसपास येतं, आणि आपल्याकडच्या रोजच्या हवेत १०० ते १२० वरच समाधान मानावं लागतं. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नवा तपशील एकही येत नाही. प्रकाश तेवढाच आणि तो पसरतो जास्त जागेवर, म्हणून चित्र काळवंडतं. शिवाय ५२५ पटीला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह वीसएक सेकंदांत नजरेआड होतो. त्याला परत पकडायला नळीला हात लावला की काटकुळ्या पायांचा स्टँड थरथरतो आणि चित्र स्थिर होईपर्यंत ग्रह पुन्हा बाहेर. मुलं वैतागतात ती इथेच, आणि दुर्बीण माळ्यावर जाते. सोबतचा सन फिल्टर तर घातकच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मग काय घ्यावं? पहिली खरेदी म्हणून १०×५० ची द्विनेत्री उत्तम. १० पट वर्धन, ५० मिमीची भिंगं. २०×५०, ३०×६०, ‘झूम’ किंवा लालभडक लेप असलेल्या भिंगांच्या द्विनेत्री टाळा. हातात धरून १० पटीच्या वर चित्र हलतंच. तिच्यातून कृत्तिका, पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका हे सगळं दिसतं, आणि कोपर भिंतीला टेकवलं तर गुरूचे चंद्रही. मुलीचा रस ओसरला तरी द्विनेत्री पक्षी बघायला, सहलीला कामी येते.

दुर्बीणच हवी असेल तर दोन पर्याय. ७० ते ८० मिमीची भिंगाची दुर्बीण, नाभीय अंतर ७०० ते ९०० मिमी, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या माउंटवर, म्हणजे नळी धरणाऱ्या बैठकीवर. किंवा ११४ ते १३० मिमी आरशाची, टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन (साध्या खोक्यासारख्या बैठकीवर फिरणारी दुर्बीण). दोन्हींत चंद्रावरची विवरं, शनीची कडी, गुरूचे दोन ठळक पट्टे, शुक्राच्या कला आणि सप्तर्षींतल्या वसिष्ठाची जोडी स्पष्ट दिसते. (अरुंधती वेगळी. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे आणि ते लहान दुर्बिणीतही सुटे दिसतात.) दीर्घिका मात्र राखाडी धूसर ठिपक्यासारख्याच दिसतील. छायाचित्रातले रंग डोळ्याला दिसत नाहीत, हे मुलीला आधीच सांगा, म्हणजे पहिल्या रात्री हिरमोड होणार नाही.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. आयपीस बसते ती नळी सव्वा इंची आहे ना? जुन्या पाऊण-एक इंचाच्या मापाच्या आयपीस आता चांगल्या मिळत नाहीत. फोकस केल्यावर नळीवर टिचकी मारली तर चित्र दोन सेकंदांत स्थिरावतं ना? आणि ११४/१००० किंवा १२७/१००० लिहिलेल्या दुर्बिणीची नळी प्रत्यक्षात जेमतेम अर्धा मीटर आहे का? असेल तर तिच्या फोकसर-नळीत (आयपीस बसते त्या, पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत) एक जादा भिंग बसवून नाभीय अंतर ओढून-ताणून वाढवलेलं असतं. ते भिंग बहुधा हलक्या दर्जाचं असतं, आणि ते मध्ये असल्यामुळे आरसे जुळवणंही नवख्याला जमत नाही. अशी दुर्बीण सोडून द्या.

शक्य असेल तर आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईकडच्यांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम आहेत, गोव्यात पणजीला असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी आहे. एका रात्रीत चार-पाच प्रकारच्या दुर्बिणी डोळ्याला लावून झाल्या की जाहिरातीतले आकडे आपोआप मागे पडतात.

प्रश्न: सहा इंची डॉब्सोनियन घ्यावी, आठ इंची घ्यावी, की त्याच पैशांत विषुववृत्तीय माउंटवरची पाच इंची? दुकानदार शेवटचीच घ्या म्हणतो. (कोल्हापूर)

डोळ्याने बघायचं असेल तर डॉब्सोनियन. हा प्रकार सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांनी रूढ केला: मोठा आरसा, साधी नळी आणि लाकडी खोक्यासारखं जमिनीवर फिरणारं माउंट. पैसा यंत्रणेत न जाता आरशात जातो.

विषुववृत्तीय माउंटचा खरा उपयोग मोटर लावून ताऱ्याचा पाठलाग करण्यासाठी, म्हणजे मुख्यतः छायाचित्रणासाठी. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. कोल्हापुरातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. तेवढ्या उंचीवर शेजारची इमारत, झाड नाहीतर धुरकटपणा आड येतोच. त्यात अशा माउंटवर आरशाची दुर्बीण असली तर नळी फिरवता फिरवता आयपीस कधी खाली, कधी पलीकडे जाते आणि बघणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. पाच इंची दुर्बिणींबरोबर येणारी स्वस्त विषुववृत्तीय माउंट तर डुगडुगतातही.

सहा की आठ? आठ इंची आरसा सहा इंचीच्या पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो. गोलाकार तारकागुच्छांत हा फरक लगेच कळतो: सहा इंचीत कडेचे तारे सुटे होतात, आठ इंचीत गाभ्यापर्यंत कण-कण दिसू लागतो. पण आठ इंची नळी आणि तळ मिळून वीस-पंचवीस किलो भरतात. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, लिफ्ट नसेल, तर सहा इंचीच घ्या. जड दुर्बीण महिनोन्‌महिने बाहेर निघत नाही. या दोन्ही आकारांत नाभीय अंतर बहुधा १२०० मिमी असतं, त्यामुळे नळीची लांबी जवळपास सारखीच, सव्वा मीटरच्या आतबाहेर. मोटारीच्या मागच्या सीटवर ती आडवी बसेल का, हे पैसे देण्याआधी मापपट्टीने मोजा.

आपल्या अक्षांशाचा एक मोठा फायदाही आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ कोल्हापुरातून जवळजवळ २६ अंशांपर्यंत वर येतो. लंडनमधून तो कधी उगवतच नाही. मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला मोकळं, अंधारं आकाश शोधा. ५० पटीला आठ इंचीतून तो बघितला की डॉब्सोनियनचे पैसे वसूल.

प्रश्न: ठाण्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीतून फक्त पश्चिम दिसते आणि खाली रस्त्याचे दिवे. दुर्बीण घेण्यात अर्थ आहे का? (ठाणे)

आहे. चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना शहराच्या उजेडाने फारसा फरक पडत नाही. दीर्घिका आणि तेजोमेघ मात्र मारले जातात, त्यांचा नाद बाल्कनीत सोडून द्या. तुमच्यासाठी ९० ते १०२ मिमीची माक्सुतोव्ह (आरसा आणि भिंग दोन्ही असलेली आखूड दुर्बीण) चांगली. लांबी हातभर, वजन कमी, नाभीय अंतर १२५० ते १३०० मिमी, म्हणजे २५ मिमी आयपीसने ५० पट आणि १० मिमीने सव्वाशे-एकशे तीस पट. साध्या अल्टाझिमुथ, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या माउंटवर घ्या. ध्रुवतारा दिसत नसलेल्या बाल्कनीत विषुववृत्तीय माउंटचं कामच नाही.

खिडकीच्या बंद काचेतून बघू नका. ती काच दुर्बिणीच्या दृष्टीने ओबडधोबड असते आणि ग्रहाभोवती दुहेरी प्रतिमा देते. खोलीचं दार बंद ठेवा, एसीचं बाहेरचं युनिट चालू असेल तर त्याच्या वरून बघू नका, आणि माक्सुतोव्हची बंद नळी हवेच्या तापमानाला यायला पाऊण तास तरी द्या. पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली असते, त्यामुळे संध्याकाळपेक्षा रात्री नऊनंतर चित्र जास्त स्थिर मिळेल.

प्रश्न: सहा इंची डॉब्सोनियन घेतली आहे. सोबत २५ आणि १० मिमी आयपीस आहेत. बारा आयपीस आणि रंगीत फिल्टरांची पेटी घ्यायची का? मला चष्मा आहे. (औरंगाबाद)

पेटी नको. त्यातल्या निम्म्या आयपीस एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतात की फरक कळत नाही, आणि रंगीत फिल्टर दोन रात्रींनंतर कोणी वापरत नाही.

तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी धरलं तर २५ मिमीने ४८ पट आणि १० मिमीने १२० पट मिळतात. सोबत येणारी २५ मिमी बहुधा बरी असते, १० मिमी सुमार. बदलायची तर तीच आधी. इथे चष्म्याचा मुद्दा येतो. साध्या प्लॉसल आयपीसमध्ये डोळा भिंगापासून साधारण नाभीय अंतराच्या ७० टक्के एवढ्या अंतरावर धरावा लागतो. १० मिमी प्लॉसलला ते जेमतेम ७ मिमी होतं, पापण्या भिंगाला लागतात. लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकस फिरवून तो दोष भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तरच चष्मा ठेवावा लागतो, आणि मग ८ ते १० मिमीची, डोळा १५ ते २० मिमी दूर ठेवता येईल अशी आयपीस शोधा. थोडी महाग पडेल, पण ग्रह बघण्याचा सगळा वेळ त्याच आयपीसवर जातो.

दुसरी खरेदी चांगला २ पट बार्लो. त्याने २५ ची साडेबारा होते आणि १० ची पाच, म्हणजे ९६ आणि २४० पट. २४० पट वर्षातल्या मोजक्या रात्रीच कामाला येईल, एरवी १५० ते २०० वर थांबा. बार्लो घेतल्यावर १२ मिमी आयपीस विकत घेऊ नका, ती तुमच्याकडे आलेलीच आहे. तिसरी ३२ मिमी प्लॉसल: सव्वा इंची नळीत मिळू शकणारं जवळजवळ सर्वांत मोठं क्षेत्र तिच्यात मिळतं, तुमच्या दुर्बिणीत सुमारे १.४ अंश, म्हणजे पौर्णिमेचे जवळपास तीन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. तरीही सगळी कृत्तिका त्यात मावत नाही. ती द्विनेत्रीतूनच बघावी.

यूएचसी किंवा ओ-तीन फिल्टर (तेजोमेघांचा ठरावीक रंगांचा प्रकाश तेवढा आत सोडणारे) तेजोमेघांसाठी उपयोगी आहेत, पण अंधाऱ्या जागी. गावातल्या एलईडी दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो फिल्टरने गाळता येत नाही. मून फिल्टर नसला तरी चालतो. चंद्र झगझगला तर वर्धन वाढवा किंवा घरातला एक दिवा चालू ठेवा.

आयपीसआधी दोन स्वस्त गोष्टी घ्या. पहिली, रेड डॉट फाइंडर (लाल ठिपक्याने नळी कुठे रोखली आहे ते दाखवणारा), सोबत आला नसेल तर. दुसरी, उंची बदलता येणारं स्टूल. उभं राहून, वाकून बघताना शरीर हलतं आणि डोळा आयपीसवरून सरकतो. बसून बघितलं की त्याच दुर्बिणीत त्याच ग्रहावर जास्त तपशील दिसतो, हे अनुभवून बघा. फाइंडर दिवसाच जुळवा: दूरच्या मोबाइल टॉवरचं टोक २५ मिमीमध्ये मधोमध आणा, मग लाल ठिपका त्याच टोकावर आणा. सूर्य त्या दिशेला नाही ना, हे आधी बघा.

प्रश्न: १३० मिमीच्या आरशाच्या दुर्बिणीतून शनी १०० पटीला कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. आरसा खराब आहे का? (पुणे)

बहुधा नाही. कारणं या क्रमाने तपासा.

आधी तापमान. घरातून आणलेली नळी निदान अर्धा तास बाहेर राहू द्या. मग जागा: तापलेली गच्ची रात्री अकरापर्यंत गरम हवा सोडत राहते. अंगण किंवा माती बरी. मग ग्रहाची उंची: क्षितिजापासून तीसएक अंशांच्या खाली शनी असेल तर कुठल्याही दुर्बिणीत तो थरथरेल, वर येईपर्यंत थांबा. शिवाय मार्च २०२५ मध्ये शनीच्या कड्यांची कडा आपल्याकडे होती. त्यानंतर ती हळूहळू उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. जुन्या फोटोंतल्यासारखी रुंद कडी सध्या कुठल्याच दुर्बिणीत दिसणार नाहीत.

हे सगळं ठीक असूनही चित्र धूसर असेल तर आरसे एका रेषेत नाहीत. कोलिमेशन करा, म्हणजे आरसे जुळवा. नव्या दुर्बिणी वाहतुकीत धक्के खाऊनच येतात.

तपासणी अशी. डोक्याजवळचा एक तेजस्वी तारा १०० पटीला मधोमध आणा आणि फोकस थोडा बिघडवा. तारा गोल चकतीसारखा होईल, मध्ये दुय्यम आरशाच्या (नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या तिरप्या आरशाच्या) सावलीचं काळं छिद्र. छिद्र चकतीच्या बरोबर मध्ये असेल तर आरसे जुळलेले आहेत. एका बाजूला सरकलेलं असेल तर पुढचं काम करा, आणि ते दिवसाउजेडी करा.

नळी आडवी ठेवा, म्हणजे हातातून पाना निसटला तर मुख्य आरशावर पडणार नाही. फोकसरच्या प्लास्टिकच्या झाकणाला बरोबर मध्यावर दोन-तीन मिमीचं भोक पाडा आणि ते झाकण लावून त्यातून आत बघा. आधी दुय्यम आरसा गोल दिसतो का आणि फोकसरखाली मधोमध आहे का, ते बघा. मग त्याच्यामागचे तीन छोटे स्क्रू थोडे थोडे फिरवून मुख्य आरशाचं प्रतिबिंब त्यात पूर्ण आणा. मुख्य आरशाला धरणाऱ्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसायला हव्यात. एक स्क्रू सैल केला तर समोरचा आवळा, तिन्ही सैल सोडले की आरसा लोंबकळतो.

आता नळीच्या मागे या. तिथे सहा स्क्रू असतात: तीन स्प्रिंगचे, जुळवण्यासाठी, आणि तीन पक्के करण्यासाठी. पक्के करणारे आधी सैल करा, नाहीतर स्प्रिंगचे फिरणारच नाहीत. मुख्य आरशाच्या केंद्रावर बहुतेक ठिकाणी एक छोटी गोल खूण चिकटवलेली असते. ती खूण आणि झाकणातल्या भोकाचं प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत स्प्रिंगचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. कोणीतरी मागे बसून फिरवायला असेल तर काम पाच मिनिटांचं. शेवटी पक्के स्क्रू हलकेच आवळा. जोर लावला तर जुळलेलं पुन्हा सरकतं.

इथे अनेकजण एका गोष्टीने गोंधळतात. तुमच्यासारख्या कमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत, सगळं नीट जुळल्यावरही दुय्यम आरशाची काळी आकृती मुख्य आरशाच्या बाजूला किंचित सरकलेली दिसते. ते तसंच असायला हवं, ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. लेझर कोलिमेटर घेतलात तर तो फोकसरमध्ये बसवून गोल फिरवा. आरशावरचा लाल ठिपका वर्तुळ काढत फिरला तर लेझरच वाकडा बसला आहे किंवा फोकसरमध्ये ढिला आहे, आणि त्याच्या भरवशावर आरसे आणखी बिघडतील. शेवटची परीक्षा नेहमी ताऱ्यावर घ्या.

प्रश्न: पावसाळ्यानंतर दुर्बिणीच्या आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आली आहे. पुसून काढू का? (रत्नागिरी)

पुसू नका. ती बुरशी आहे, आणि कोरडं कापड फिरवलंत तर ॲल्युमिनियमच्या लेपावर कायमचे चरे पडतील.

आरसा सेलसकट (आरसा धरणाऱ्या चौकटीसकट) बाहेर काढा, त्याआधी सेल आणि नळीवर पेनाने खूण करा म्हणजे परत बसवताना दिशा चुकणार नाही. ब्लोअरने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी पडते. टबमध्ये टॉवेल अंथरा, त्यावर आरसा ठेवा आणि कोमट पाण्यात लिक्विड सोपचे दोन थेंब घालून पंधरा मिनिटं भिजू द्या. मग पाण्याखालीच शुद्ध कापसाचा बोळा आरशावरून स्वतःच्या वजनाने ओढा, बोटाने दाबू नका. एक फेरा झाला की तो बोळा टाकून नवा घ्या. नळाच्या पाण्याने खळाळून धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड वॉटरचं, बॅटरीसाठी मिळतं ते. आरसा कडेवर तिरपा उभा करून वाळवा. राहिलेले दोन-चार थेंब टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्या. बुरशी निघाली तरी तिच्या आम्लाने लेप खाल्ला असेल तर पुसट नक्षी राहील. थोडी असेल तर दिसण्यात फरक पडत नाही, जास्त असेल तर आरशावर नव्याने ॲल्युमिनियमचा लेप चढवून घ्यावा लागतो. भिंगाच्या दुर्बिणीचं वस्तुभिंग मात्र घरी उघडू नका, त्याच्या दोन काचांमधलं अंतर आणि दिशा पुन्हा जमत नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी: लाकडी कपाट आणि कापडी बॅग दोन्ही ओल धरतात. आयपीस आणि फाइंडर रबरी कडेच्या हवाबंद प्लास्टिक डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक असू द्या, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास सुकवून पुन्हा वापरा, मात्र स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. मोठी नळी डब्यात मावत नसेल तर दोन्ही तोंडांना झाकणं लावून आत जेलच्या पुरचुंड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि रात्री दवाने ओली झालेली दुर्बीण तशीच झाकू नका, आधी खोलीत उघडी ठेवून पूर्ण वाळवा.

प्रश्न: २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण शाळेच्या दुर्बिणीतून मुलांना दाखवायचं आहे. आयपीसला लावायचा सन फिल्टर आमच्याकडे आहे. चालेल का? (सोलापूर)

तो फिल्टर आजच हातोडीने फोडून फेकून द्या, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही. आरसा किंवा भिंग सगळी उष्णता गोळा करून नेमकी त्या फिल्टरवर टाकतं, तो तडकतो, आणि तडकतो त्या क्षणी डोळा आयपीसला लावलेला असतो. दृष्टिपटल भाजलं तर दुखत नाही, आणि ते बरंही होत नाही.

सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लागतो. बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म घ्या, डोळ्याने बघण्यासाठीची, जिच्यावर ५.० घनता लिहिलेली असते. जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये ती सैलसर बसवा. किंचित सुरकुत्या चालतात, ताणून बसवली तर प्रतिमा बिघडते. कडी नळीवर घट्ट बसली पाहिजे, वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे वाऱ्याने किंवा मुलाच्या हाताने निघणार नाही. प्रत्येक वेळी वापरण्याआधी फिल्म बल्बसमोर धरून सुईच्या भोकाएवढी छिद्रं तपासा. फाइंडर काढून टाका किंवा दोन्ही बाजूंनी झाका. नळीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान होईल अशी नळी फिरवली की सूर्य आपोआप सापडतो.

ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं, क्ष-किरण फिल्म, काजळी धरलेली काच, यांतलं काहीही नको. पडद्यावर प्रतिमा पाडायची तर ५०-६० मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीनेच, धातूच्या आयपीसने, आणि दुर्बिणीजवळ सतत एक शिक्षक उभा करून. आरशाच्या मोठ्या दुर्बिणीने हा प्रयोग केला तर दुय्यम आरसा आणि आयपीस दोन्ही तापून फुटू शकतात.

खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, अरबस्तान असा जातो. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास आहे, दुपारनंतर, आणि ऑगस्टचे ढग असणार. ढगांच्या फटीतून दोन मिनिटं मिळाली तरी फिल्टर लावलेलाच हवा, घाईत काढू नका.

प्रश्न: मोबाइलवर फोटो देणाऱ्या ‘स्मार्ट’ दुर्बिणी कशा आहेत? (नागपूर)

तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या फोटोंसाठी चांगल्या आहेत. सीस्टार एस ५० ला ५० मिमीचं भिंग आणि २५० मिमी नाभीय अंतर आहे. ती स्वतःच आकाश ओळखते, दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचते, आणि शहरातूनही मृगातल्या तेजोमेघाचे रंग दाखवते. पण तिला आयपीसच नाही, आणि एवढ्या कमी नाभीय अंतरात शनी-गुरू इवलेसेच येतात. ग्रहांची आवड असेल तर ही नको. तुम्ही नागपूरचे, म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे साधी द्विनेत्रीही शहरातल्या सहा इंचीपेक्षा जास्त आकाशगंगा दाखवेल.

प्रश्न: कॉलेजातल्या आम्ही पाच मुलांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण करायचं ठरवलं आहे. कुठून सुरुवात करू? (सातारा)

सहा इंची, नाभीय अंतर १२०० मिमीचा आरसा करा. हे माप नवख्यांसाठी मुद्दाम सुचवतो: एवढ्या लांब नाभीय अंतराला आरसा गोलीय राहिला तरी प्रतिमा चांगली येते, अन्वस्ताकार घडवण्याचं अवघड काम जवळजवळ टळतं. १५० मिमी व्यासाच्या, २० ते २५ मिमी जाडीच्या काचेच्या दोन चकत्या घ्या, एक आरसा आणि एक हत्यार. सुरुवातीलाच दोन्हींच्या कडा तिरप्या घासून घ्या, नाहीतर कडेचे कपचे उडतात.

८० नंबरच्या कार्बोरंडमने (काच घासायच्या कणीदार भुकटीने) घासून आरशाच्या मध्यावर १.१७ मिमी खोली आणायची. सरळ पट्टी ठेवून मधल्या फटीत ड्रिल-बिटची शँक घालून ती मोजता येते. मग १२०, २२०, ४००, ६०० नंबर. प्रत्येक नंबर बदलताना काच, हत्यार, टेबल, हात, नखं सगळं धुवा आणि कपडेही बदला. ८० नंबरचा एक कण ४०० मध्ये राहिला तर ओरखडा पडतो आणि मागे जावं लागतं. शेवटी पिचच्या (डांबरासारख्या राळेच्या) लॅपवर, म्हणजे पॉलिशच्या थरावर, सिरियम ऑक्साइडने पॉलिश. पिच उन्हाळ्यात मऊ पडते, म्हणून पॉलिशचं काम साताऱ्याच्या थंडीत ठेवा. आरशाचा आकार तपासायच्या फुको चाचणीला ब्लेडची धार, बारीक उजेडाचा दिवा आणि आरशापासून २४०० मिमीवर स्थिर टेबल एवढंच लागतं.

लेप चढवायला आरसा पाठवायचा असतो, तो घरी होत नाही. दुय्यम आरसा ३३ मिमीच्या आसपासच्या छोट्या अक्षाचा विकत घ्या. माउंटसाठी १८ मिमी प्लायवुड, फिरण्याच्या जागी खडबडीत सनमायका आणि त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. गुळगुळीत सनमायका घेऊ नका, त्यावर टेफ्लॉन आधी चिकटतं आणि मग एकदम सुटतं, त्यामुळे ग्रह क्षेत्रातून उडी मारतो. टेफ्लॉन ठोकताना खिळ्यांची डोकी पृष्ठभागाच्या आत बुडवा.